बाबांची मर्सिडीज ई-२२०, ३ लाख ८७ हजार किलोमीटर: इंजिन बांधायचं का? (कामाच्या नोंदी)

२ ऑगस्ट २०२५, शनिवार. मीटर ३,८७,१४०

आजपासून सगळं लिहून ठेवणार आहे. गेले तीन महिने घरात या गाडीवर नुसती चर्चा चालू आहे, जो येतो तो काहीतरी सांगून जातो आणि आकडा कोणाकडेच नाही. मी रबाळ्याला एका कंपनीत क्वालिटीला आहे, दिवसभर मापं घेण्याचंच काम, त्यामुळे मला हे असं अंदाजपंचे चाललेलं बघवत नाही.

गाडी मर्सिडीज ई-२२०, डब्ल्यू १२४ बॉडी, १९९५ ची. मर्सिडीजने त्याच वर्षी पुण्यात, पिंपरीला टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात गाड्या जोडायला सुरुवात केली, ही त्या पहिल्या वर्षातली. इंजिन एम १११, पेट्रोल, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, २१९९ सीसी, १५० हॉर्सपॉवर. बाबांनी २००३ ला सेकंडहँड घेतली तेव्हा मीटर ९२ हजार होतं. पॅकेजिंगचा धंदा होता, ठाणे-नाशिक, ठाणे-पुणे सतत चालू असायचं, बाकी सगळे किलोमीटर बाबांनीच घातलेत. इंजिन आजवर एकदाही खोललेलं नाही.

त्रास असा आहे की सकाळी स्टार्ट केली की मागे निळा धूर, मग बंद होतो, मग तीन हात नाक्याच्या सिग्नलला दोन-तीन मिनिटं उभी राहिली आणि निघाली की परत एक भपका. ऑइल खाते. उभी असताना किंचित मिसिंग, म्हणजे मधूनच ठोका चुकतो.

एका मोठ्या गॅरेजला दाखवली. त्यांनी बॉनेट उघडलं, रेस दिली, मागे जाऊन धूर बघितला आणि सांगितलं इंजिन गेलं, फुल काम, पिस्टन आणि त्याच्याभोवतीच्या रिंगा, बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी), क्रँक, सगळं मिळून ३ लाख ४० हजार. प्लगसुद्धा काढून बघितला नाही. सव्वातीन लाखांच्या वर खर्च सांगायचा आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं प्रेशर, मोजायचं नाही हे मला पटलेलंच नाही, त्यामुळे त्यांना नाही म्हणून सांगितलं.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीला दादा आला होता. त्याचं मत ठाम आहे, चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला, विकून टाका. आहे त्या अवस्थेत कोणी सव्वा लाखाच्या वर देणार नाही, भंगारवाला वजनावर पस्तीस हजार म्हणतो, आणि आपण साडेतीन लाख घालायचे? हिशोब म्हणून चूक नाही त्याचा. पण तो ज्या ३ लाख ४० हजारवर हिशोब करतोय तो आकडाच कोणी मोजून दिलेला नाही असं मी त्याला म्हटलं, त्यावर तो म्हणाला मग मोज.

बाबा गप्प ऐकत होते, मग उठून आतल्या कपाटातून कालनिर्णयांची गुंडाळी घेऊन आले. जुनी कालनिर्णय टाकत नाहीत हे माहीत होतं, पण मला वाटायचं दुधाच्या हिशोबासाठी. प्रत्येक महिन्याच्या पानामागे कोपऱ्यात पेन्सिलने बारीक अक्षरात, तारीख, मीटर, "ऑ. अर्धा लि." किंवा "ऑ. १ लि.". काही ठिकाणी शेजारी "नाशिक" किंवा "आई हॉस्पिटल" एवढंच. २००९ पासूनचं जवळजवळ सगळं आहे.

रात्री बसून एक्सेलमध्ये घातलं. २०१९ पर्यंत साधारण २८०० ते ३००० किमीला एक लिटर, दहा वर्षं जवळपास सरळ रेष, किंचित उतरती. मग मार्च २०२० ते नोव्हेंबर २०२० एकही नोंद नाही, लॉकडाउनमध्ये गाडी सोसायटीच्या ओपन पार्किंगला ताडपत्रीखाली उभी, आठ महिने, आख्खा पावसाळा धरून. त्यानंतर २०२१ ला एकदम १५०० किमीला लिटर, २०२३ ला ११००, आणि आता ६२०.

बोअर आणि रिंगा झिजतात त्या किलोमीटरने झिजतात. उभ्या गाडीत त्या झिजत नाहीत. दहा वर्षं सरळ असलेली रेष गाडी न चालता मोडली असेल तर मोडलेली वस्तू वेगळी आहे, रबराची, नाहीतर चिकटलेली, नाहीतर गंजलेली. अजून सिद्ध काहीच नाही पण आता कुठे बघायचं ते कळलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. मीटर ३,८७,३६०

सुट्टी होती, सकाळी सहाला रस्ता मोकळा असताना धुराची टेस्ट केली. मी चालवत होते, नवरा मागे बाइकवर मोबाइलने व्हिडिओ घेत. शिळफाट्याकडून मुंब्रा बायपास. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर, धूर नाही, दोनदा बघितला व्हिडिओ, अजिबात नाही. उतारावर पाय पूर्ण काढला, गाडी इंजिनवर धरून सोडली, खाली आल्यावर परत अ‍ॅक्सिलरेटर दिला आणि निळा ढग. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

यामागचं कारण लिहून ठेवते, कारण दादाला समजावताना परत लागेल. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बंद होतं आणि इनटेकमध्ये जोरदार व्हॅक्यूम तयार होतो. व्हॉल्व्हच्या दांड्यावर जी रबरी सील असते ती कडक झाली असेल तर हे व्हॅक्यूम हेडवरचं (इंजिनच्या वरच्या भागातलं) ऑइल दांड्यावरून खाली ओढून घेतं, ते साठतं, आणि परत पाय दिला की जळून निळं बाहेर येतं. रात्रभर उभ्या गाडीत तेच ऑइल थेंब थेंब खाली उतरतं, म्हणून सकाळचा धूर. रिंगा गेल्या असत्या तर चढाला, लोड असताना धूर यायला हवा होता. तो आला नाही.

अजून एक बघून घेतलं. या गाडीत मीटरमध्येच ऑइल प्रेशरचा काटा आहे, ० ते ३ बार. चालताना तीनला चिकटलेला असतो. इंजिन पूर्ण गरम, आयडलला, १.१. कंपनीचं म्हणणं गरम आयडलला ०.३ पर्यंत चालतं. म्हणजे क्रँकची बेअरिंगं बरी असावीत, पण हा तीस वर्षं जुना काटा आहे, मेकॅनिकल गेज लावल्याशिवाय धरणार नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

वागळे इस्टेटमधल्या काकांकडे. हे मिस्त्री मूळचे सांगलीचे, पंचवीस-तीस वर्षं फक्त जुन्या जर्मन गाड्या करतात, पत्र्याची शेड, दोन पोरं हाताखाली. कालनिर्णयचा ग्राफ दाखवला तर चष्मा काढून बराच वेळ बघत बसले. म्हणाले, ताई, गिऱ्हाईक मला सांगतं "लई खाते", किती खाते ते आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

कॉम्प्रेशन. इंजिन गरम, चारी प्लग बाहेर, पेट्रोल पंपाचा रिले काढलेला, थ्रॉटल पूर्ण उघडं, बॅटरी चार्जरवर. प्रत्येक सिलिंडरला आठ फेरे.

पहिला ११.८ बार, दुसरा ११.५, तिसरा ९.१, चौथा ११.६.

मग तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून परत घेतलं. ऑइल रिंगांच्या फटी बुजवतं, त्यामुळे दोष रिंगांचा असला तर आकडा टणकन वर जातो. ९.१ चा ९.४ झाला, बस. काका म्हणाले, वरती आहे, खाली नाही. चौथ्यालाही ऑइल टाकून बघितलं, ११.६ चा १२.३.

प्लग बघितले. दुसरा आणि चौथा एका बाजूने ओला काळा, तिसऱ्याची टोकं फिकट. मेकॅनिकल गेजवर गरम आयडलला १.२ बार आलं, म्हणजे बाबांचा काटा खरं बोलतोय. ऑइल फिलरचं झाकण सैल करून जागेवरच ठेवलं, हलतं, उडत नाही, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन (रिंगांतून खाली सुटणारं प्रेशर) फार नाही.

एवढ्या सगळ्याला अडीच तास आणि बाराशे रुपये.

२४ ऑगस्ट

आरटीओची बाजू आजच लिहून ठेवते. गाडीचं रजिस्ट्रेशन १७ डिसेंबर २०२५ पर्यंत आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रिन्यू, आपलं २०१० ला झालं, २०१५ ला, २०२० ला. फी २०२० ला ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ५००० झाली, आणि आता याच आठवड्यात नवीन नियम आला, वीस वर्षांवरच्या कारला १०,०००. ग्रीन टॅक्स वेगळा. पीयूसी लागणारच आणि इन्स्पेक्शनला गाडी समोर न्यावी लागणार, निळा ढग सोडत नेऊन चालणार नाही. म्हणजे निर्णय कुठलाही असो, तो डिसेंबरच्या आधी.

७ सप्टेंबर, रविवार

मध्ये गणपती होते, पंधरा दिवस गाडीकडे बघायलाही झालं नाही.

आज लीक-डाउन. पिस्टन एकदम वर, सगळे व्हॉल्व्ह बंद, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा, दोन गेज, किती टक्के हवा सुटते ते बघायचं आणि मग कान लावून ऐकायचं ती सुटते कुठून. हवा दिली की पिस्टन खाली पळायला बघतो, पोराने क्रँकच्या नटाला पाना लावून आख्खा जोर देऊन धरला होता.

पहिला १२ टक्के, दुसरा १४, चौथा ११. या तिघांतली हवा ऑइल फिलरमधून बारीक हुस्स करत येत होती, म्हणजे रिंगांतूनच, पण एवढं तर येणारच. तिसरा ३४ टक्के. फिलरला कान लावला, बाकीच्यांइतकंच. रेडिएटरचं झाकण उघडलं, बुडबुडा नाही, म्हणजे हेड गॅस्केट ठीक. एअर फिल्टरच्या पाइपला शांत. मग काकांनी मला मागे सायलेन्सरकडे पाठवलं. हात धरला तर सायलेन्सरच्या तोंडातून गार हवा येत होती, एकसारखी, मांजर फिस्कारतं तसा आवाज. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. इंजिन बंद आणि सायलेन्सरमधून वारा येतोय, ते हाताला लागल्यावर माझ्या मनातली राहिलेली शंका गेली.

काका लगेच हेड उतरवायला तयार होते. आईने फोनवर सांगितलं पितृपक्ष लागतोय, त्यात काही उघडू नका. बाबा काही बोलले नाहीत पण त्यांनाही तेच हवं होतं असं वाटलं. ठीक आहे, घटस्थापनेनंतर. तोवर दुसरा पर्याय बघून घेते.

१३ सप्टेंबर, शनिवार

कुर्ला, सीएसटी रोड. दादाने एक नंबर दिला होता, वापरलेलं एम १११ इंजिन, ८५ हजार. गल्लीत आत गेलं की दोन्ही बाजूंनी छातीएवढ्या उंचीपर्यंत इंजिनं आणि गिअरबॉक्स रचलेले, पायाखाली ऑइलने काळी झालेली माती. इंजिन लाकडी पाटावर होतं, वरून डिझेलने धुतलेलं, चकचकीत. स्टार्टर नाही, वायरिंग नाही, कॉम्प्रेशन घेणार कसं. बोरोस्कोप (नळीच्या टोकाचा बारीक कॅमेरा) नेला होता, प्लगच्या भोकातून दुसऱ्या सिलिंडरमध्ये बघितलं तर भिंतीवर तपकिरी डाग, पाणी बसल्यासारखे. विकणारा म्हणाला चालू केल्यावर साफ होतात.

पण त्याहून मोठं कारण कागदाचं. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आरसीवर असतो. दुसरा ब्लॉक बसवला की आरटीओकडून परवानगी घेऊन आरसीवर नंबर बदलून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी हे इंजिन कुठल्या गाडीतून आलं त्याचा कागद हवा. तो मागितल्यावर विकणाऱ्याने विषय बदलला. तीन महिन्यांवर इन्स्पेक्शन असताना मी नंबर न जुळणारं इंजिन बसवणार नाही. हा पर्याय बाद.

१४ सप्टेंबर, रविवार

निर्णयाचा दिवस. दादा, नवरा, बाबा, मी, जेवण झाल्यावर टेबलावर सगळे कागद पसरून.

समोर तीन गोष्टी. विकणं. फुल इंजिन. किंवा फक्त हेडचं काम, काकांचा अंदाज ९५ हजार, त्यात सोळा सील, गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते त्या नळ्या), व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, गॅस्केट सेट, हेड बोल्ट, चेन आणि मजुरी.

दादाचा मुद्दा चांगला होता आणि तो बऱ्याच मेकॅनिकांकडून ऐकायला मिळतो. वरचं टाइट केलं की खालचं सुटतं. नवीन हेड, नवीन व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन वाढतं, जुन्या रिंगांना ते झेपत नाही, सहा महिन्यांत परत ऑइल. मग उघडलंच आहे तर रिंगा पण टाकून घ्या ना, खालचा ऑइलचा पॅन तेवढा काढायचा, वीस-पंचवीस हजार जास्त.

हे मी दोन दिवस डोक्यात घोळवत होते. ज्या गाडीत चारी सिलिंडरचे व्हॉल्व्ह गळतात तिथे ते खरं असेल, कारण तिथे खालच्या रिंगांना खरं प्रेशर कित्येक वर्षं बसलेलंच नसतं. आपल्याकडे तीन सिलिंडर आजही साडेअकरा किंवा त्याच्या वर प्रेशर देतायत आणि त्याच जुन्या रिंगा ते धरून आहेत. त्यांच्यासाठी काही बदलणार नाही. बदलेल फक्त तिसऱ्यात, आणि तिथेही व्हॉल्व्ह बिघडायच्या आधी होतं तेवढंच प्रेशर परत येणार आहे. आणि नुसत्या रिंगा बदलणं मला जास्त धोक्याचं वाटतं. तीस वर्षांत जुनी रिंग आणि बोअर एकमेकांना घासून जुळलेत, त्यात नवीन गोल रिंग घातली आणि बोअर किंचित अंडाकृती असला तर ती बसतच नाही, आज नीट चालणारे तीन सिलिंडर आपण हाताने बिघडवणार. रिंगा टाकायच्या तर बोअरही करायला हवा, बोअर केला तर ओव्हरसाइज पिस्टन, आणि मग परत ३ लाख ४० हजारवर पोचलो.

ठरलं असं की हेड उतरवायचं. उतरल्यावर बोअर मी स्वतः मोजणार. ०.१० मिलिमीटरच्या आत असला तर खाली हात लावायचा नाही. वर गेला तर तिथेच थांबायचं, हेड डिकीत ठेवून गाडी विकायची, रडारड नाही. बाबांना विचारलं चालेल का. म्हणाले, मोजून सांगशील तर चालेल.

दादाने विचारलं की एवढं करून किती वर्षं. ग्रीसच्या एका टॅक्सीवाल्याची १९७६ ची २४० डी आहे, ४६ लाख किलोमीटर चालली, कंपनीने म्युझियममध्ये ठेवली, पण तिचीही इंजिनं अनेकदा उतरवून बदललेली होती, म्हणजे हातसुद्धा न लावता कुठलीच गाडी एवढी जात नाही. मी त्याला पाच वर्षं सांगितलं, पुढच्या रिन्यूअलपर्यंत. त्यापुढचं मला सांगता येणार नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

हेड उतरलं. सकाळी नऊ ते दुपारी तीन.

आधी बोअर, कारण सगळं त्यावर होतं. भिंतीवर होनिंगच्या (कारखान्यात घासून पाडलेल्या) तिरक्या रेघा अजून दिसतायत. ३ लाख ८७ हजार किमीनंतर! वरच्या टोकाला नख फिरवलं, नख अडकत नाही, नुसतं जाणवतं. कंपनीतून बोअर गेज आणला होता, अधिकृत परवानगी काढून, रिंग गेजला सेट करून. मूळ माप ८९.९०. प्रत्येक सिलिंडर तीन उंचीवर, लांबीच्या आणि आडव्या दिशेने, म्हणजे चोवीस मापं. सगळ्यात जास्त झीज तिसऱ्याला वरच्या बाजूला आडवी, ०.०६. बाकी ०.०३ ते ०.०५. काकांनी कागद बघितला आणि पोराला म्हणाले, पॅन राहू दे.

बाबांना तिथूनच फोन केला. दोन वेळा आकडा विचारून घेतला त्यांनी, लिहून घेत होते.

मग व्हॉल्व्ह. तिसऱ्याचे दोन एक्झॉस्ट, त्यातल्या एकाच्या कडेला खाच, तांदळाच्या कणीएवढी, कडा वितळून गुळगुळीत झालेली आणि तिथून चाकाच्या आरीसारखी पिवळट रेघ बाहेर गेलेली. सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो तिथे, त्याच जागी खड्डा, गंजाचा. आठ महिने उभी असताना हा व्हॉल्व्ह उघडा राहिला असणार आणि सायलेन्सरमधून पावसाळ्याची ओल आत आली असणार असं काकांचं म्हणणं, मलाही तेच जुळतंय. सील काढली एक, चिमट्याने दाबली तर वाकली नाही, तुटली. बोटात चुरा झाला, जळलेल्या पापडासारखा. नवीन सील शेजारी ठेवली, ती दाबली की दबते आणि परत येते. सोळाच्या सोळा तशाच.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

हेड वागळेतच लेथवाल्या मामांकडे आहे. आज काम बंद, मशिनींची पूजा. ऑफिसमधून येताना गेले तर लेथ, ड्रिल, व्हॉल्व्ह सीट कटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा, आणि सरफेस प्लेटवर आमचं हेड, त्यालाही एक फूल. मामा म्हणाले आलेलं काम पण हत्यारांबरोबरच पूजतो आम्ही. मी बराच वेळ तिथे थांबले.

मापं: हेडचा चेहरा ०.०४ ने वाकडा, हलकं फेसिंग पुरेल. प्रेशर टेस्ट पास, क्रॅक नाही. एक्झॉस्टच्या पाच गाइड ढिल्या, आठही बदलायच्या ठरल्या. इनटेकच्या ठीक आहेत. दोन व्हॉल्व्ह नवीन, बाकीचे ग्राइंड.

उद्या दसऱ्याला गाडीची पूजा हेडशिवायच करायची.

१२ ऑक्टोबर, रविवार

वाईट दिवस. हेड तयार होऊन आलंय, पण इंजिनची वायरिंग बाजूला घेताना कॉइलकडे जाणाऱ्या दोन वायरींचं वरचं आवरण सुकलेल्या मातीसारखं गळून पडलं, आत तांब्याच्या तारा उघड्या. पुढे बघितलं तर आख्खा हार्नेस (वायरींचा जुडगा) तसाच. हा त्या वर्षांतल्या मर्सिडीजचा ओळखीचा दोष आहे, नव्वदच्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात त्यांनी वायरींना निसर्गात विरघळणारं इन्सुलेशन वापरलं आणि ते इंजिनच्या उष्णतेने वेळेआधीच विरघळलं. मला वाचून माहीत होतं, आपली त्या काळातली आहे हेही माहीत होतं, आणि तरी ९५ हजारांच्या अंदाजात मी ते धरलं नाही. ही माझी चूक, लिहून ठेवते. मिसिंगचा काही भाग यामुळेही असणार.

नवीन हार्नेस परवडत नाही. तुर्भ्याला एक वायरिंगवाला आहे, जुने कनेक्टर ठेवून सिलिकॉनच्या वायरींनी आख्खा बांधून देतो, १८ हजार, दहा दिवस. दिला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

भाऊबीज झाली, काम परत सुरू. हार्नेस आला, प्रत्येक वायर मल्टिमीटरने मी तपासली. हेड बसलं, नवीन बोल्ट, क्रमाने टॉर्क आणि मग दोनदा नव्वद-नव्वद अंश. शेवटच्या नव्वदला काका स्वतः उभे राहिले, पोराला नाही दिलं. जुनी चेन ताणलेली होती, मार्क जुळवल्यावर क्रँकला चार अंशांचा फरक, म्हणून नवीन चेन जुनीच्या टोकाला जोडून वरूनच फिरवत आत घेतली. पेट्रोलचे रबरी पाइपही बदलले, आता पंपावर बहुतेक इ-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) च मिळतं आणि १९९५ चं रबर त्यासाठी बनलेलंच नाही, दोन पाइपांना भेगा होत्याच.

१ नोव्हेंबर, शनिवार. मीटर ३,८७,३९०

चालू झाली. आधी प्लग काढून नुसती फिरवली, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत, मग प्लग लावून. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) अर्धा मिनिट खडखडले आणि शांत झाले. धूर थोडा, पांढरा, असेंब्लीच्या ऑइलचा, दहा मिनिटांत संपला. बाबा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, उठून मागे गेले, सायलेन्सरच्या तोंडापुढे हात धरून उभे राहिले आणि बोटं नाकाजवळ नेऊन बघितली.

कॉम्प्रेशन परत: ११.९, ११.७, ११.४, ११.८.

खर्च एकूण १ लाख २७ हजार. अंदाजापेक्षा ३२ हजार वर, त्यातले १८ वायरिंगचे, बाकी दोन व्हॉल्व्ह आणि पाइप.

२३ नोव्हेंबर, रविवार. मीटर ३,८८,२४०

८५० किमी झाले. मुद्दाम सगळ्या प्रकारचं चालवलं, रोज ऐरोली-रबाळे ट्रॅफिक, एकदा नाशिक. मुंब्रा बायपासची टेस्ट परत, त्याच उतारावर, त्याच वेळेला, नवरा मागे. धूर नाही. ऑइल लेव्हलला आणायला ३०० मिली लागलं, म्हणजे साधारण २८०० किमीला लिटर. कालनिर्णयमधला २०१९ चा आकडा.

पीयूसी काढली. या वयाच्या गाडीला मर्यादा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) १५०० पीपीएम, आपलं सीओ ०.८ आणि एचसी २१०. एप्रिलमध्ये एचसी १२०० च्या घरात होतं.

९ डिसेंबर, मंगळवार

आरटीओ, सुट्टी टाकून. फॉर्म २५, इन्शुरन्स, पीयूसी, फी, ग्रीन टॅक्स. इन्स्पेक्टरने चासी नंबर आणि इंजिन नंबर टॉर्च मारून बघितले, आरसीशी जुळवले, हेडलाइट, ब्रेक, हॉर्न, नवीन एचएसआरपी प्लेट. इंजिन चालू ठेवायला सांगून मागे गेला, परत आला, सही केली. डिसेंबर २०३० पर्यंत.

राहिलेलं: मागचा इंजिन माउंट, रिव्हर्सला धक्का बसतो. गिअरबॉक्स ऑइल आणि फिल्टर. तिसऱ्या सिलिंडरचं लीक-डाउन ३,९३,००० ला परत घ्यायचं. बाबांनी २०२६ चं कालनिर्णय आणून ठेवलंय, जानेवारीच्या पानामागे मीटरचा आकडा त्यांनी आधीच लिहिलाय, ऑइलची जागा रिकामी सोडून.